चार बोटांची चीर

आईच्या छातीवरची पट्टी पहिल्यांदा निघाली तेव्हा मी सिस्टरला विचारलं, "बाकीची जखम कुठं आहे?" सिस्टर हसल्या. एवढीच आहे, म्हणाल्या. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या मध्ये, चार बोटं मावतील एवढी चीर. हृदयातली झडप काढून तिथं धातूची नवी बसवली होती आणि बाहेर दिसत होतं ते एवढंच. मी थक्क झाले. खरं सांगायचं तर थोडं फसवल्यासारखंही वाटलं, कारण सहा महिने मी ज्या ऑपरेशनला घाबरत होते ते याहून पुष्कळ मोठं होतं.

आई तेव्हा छप्पन्न वर्षांची. आधीचं वर्षभर ती चार पावलं चालली की कमरेवर हात ठेवून थांबायची आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. मग एकदा बांधावरच चक्कर येऊन पडली. तपासण्यांत कळलं, हृदयातून अंगभर रक्त जातं त्या मोठ्या नळीच्या तोंडाची झडप आखडून गेली आहे. सर्जन म्हणाले होते की छातीचं हाड पूर्ण न कापता, लहान चिरेतून झडप बदलता येईल, पेशंट लवकर हिंडू-फिरू लागतो, पण आतलं काम तेवढंच मोठं असतं. झडप धातूची, तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ आहे याची तपासणी दर महिन्याला. यातलं लहान चिरेचं तेवढं आम्ही अगदी नीट ऐकलं.

मखमलाबादच्या पुढे आमचं शेत आहे. कोथिंबीर, मेथी, थोडा पालक. आई, दादा आणि वहिनी ते बघतात. मी नाशकात शाळेत शिकवते, त्यामुळे कागद, डॉक्टर आणि शहाणपण हे खातं घरात माझ्याकडे. घरी सोडायच्या दिवशी आहाराच्या मॅडमनी आईला विचारलं, पालेभाज्या किती खाता? उत्तर मीच दिलं. म्हटलं, अजिबात नाही, आमच्याकडची भाजी सगळी मार्केटला जाते, घरात वरण-भात आणि बटाटे. मॅडम म्हणाल्या, या गोळीचं आणि हिरव्या पाल्याचं वाकडं असतं, पाला वाढला की गोळीचा जोर कमी होतो. खायला हरकत नाही, पण रोज साधारण सारखाच पाला पोटात जाऊ द्या, कमी-जास्त झालं तर आम्हाला सांगा, आम्ही गोळी जुळवू. एवढं लांबलचक घरी कोण समजावत बसणार! मी घरी जाऊन सांगितलं, पालेभाजी बंद. शाळेत फळ्यावर लिहावं तसं.

आई बरी झाली, आणि इतक्या झपाट्याने की आम्हालाच नवल वाटलं. गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या आणि आई पदर जरा बाजूला करून त्यांना चीर दाखवायची, नवी पाटली दाखवावी तशी. एकीच्या नवऱ्याची छाती वरपासून खालपर्यंत उघडली होती. ती म्हणाली, मावशी, तुमचं तर काहीच नाय झालं. आईला ते फार आवडलं. तीन महिन्यांत ती शेतात जाऊन बसायला लागली. जड काही उचलू नको, असा मी दम भरला होता, म्हणून ती नुसती बसून जुड्या बांधायची. दुपारी उपटलेली कोथिंबीर संध्याकाळच्या लिलावाला जायची असते, त्यामुळे दुपारभर तेच काम. मी सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटले की बघा, लहान चिरेचं ऑपरेशन म्हणजे काय असतं. आणि महिन्याची तपासणी? एक महिना दहावीच्या पेपरांत गेला. दुसरा कशात गेला ते मला आजही आठवत नाही.

रविवार होता. मी माहेरी गेले होते. आई ओट्यावर चहा पीत मला आदल्या दिवशीच्या लिलावातली कुणाची तरी फजिती सांगत होती. सांगता सांगता तिचे शब्द बदलले. आवाज तिचाच, चढ-उतार तिचेच, पण शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. मी हसले. देवा, मी हसले, कारण मला वाटलं ती लिलाववाल्याची नक्कल करते आहे. मग तिच्या उजव्या हातातून कप पडला आणि ती त्या कपाकडे अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाच्या हातून पडला होता.

झडपेवर बारीक गुठळी धरली होती आणि तिचा कण मेंदूत गेला होता. रक्त पातळ असायला हवं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? दादाने पाकिटं आणून दाखवली, एकही चुकली नव्हती. मग खाण्यात काही बदल? मी वळले ती थेट वहिनींकडे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, मी म्हटलं, "तुम्ही तिला कोथिंबिरीच्या वड्या करून घातल्या असणार. मी बंद म्हटलं होतं ना?"

वहिनी पांढऱ्या पडल्या. देवाशपथ नाही, ऑपरेशनपासून घरात पाल्याची भाजी शिजलेली नाही, म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही. दोन तपासण्या बुडवल्या होत्या मी, आणि ते आठवू नये म्हणून मला कुणीतरी हवंच होतं. दादाला मी ते आपणहून सांगितलंही नाही. पुढे पाच आठवडे मी वहिनींशी कामापुरतं बोलले. त्या मात्र रोज आईला भरवत होत्या, तोंड पुसत होत्या आणि एकेक शब्द तिच्याकडून घोकून घेत होत्या.

गुठळी औषधांनी विरघळली. दुसरं ऑपरेशन टळलं. वाचा हळूहळू आली, अडखळत. आम्ही तिघी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, रक्त का घट्ट झालं ते अजून कळलेलं नाही, आणि पुन्हा विचारलं, पाला खाता का? मी तोंड उघडलं. त्यांनी हाताने मला थांबवलं. "त्यांना सांगू द्या."

आईला वेळ लागला. शब्द शोधताना ती डोळे मिटते. उत्तर मला माहीत होतं.

"शेंडे," आई म्हणाली. "जुडी बांधताना... कोवळे शेंडे. तोंडात टाकते."

कधी, असं डॉक्टरांनी विचारलं.

"रोजच. परकर नेसत होते... तवापासून."

दुपारभरात किती जुड्या बांधता, त्यांनी विचारलं. दोनशे तरी, असं वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांनी तो आकडा कागदावर लिहून घेतला. ऑपरेशननंतर ती घरात पडून होती, तेव्हा पाला बंद होता, त्या हिशोबाने गोळी ठरली होती. मग ती बरी झाली. बरी झाली म्हणूनच शेतात गेली.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

तिला माझा प्रश्नच कळेना. "ते काय... खाणं हाय का?"

मी वहिनींकडे पाहिलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. तपासण्याही मीच बुडवल्या होत्या." त्या रागावतील अशी मला आशा होती. "राहू द्या, ताई," त्या हलकेच म्हणाल्या. "मीबी खाते की शेंडे, समद्याच बाया खातात. तुम्ही भाजीचं विचारलं, मी भाजीचं सांगितलं."

डॉक्टर समजावू लागले, आणि मी ते दुसऱ्यांदा ऐकत होते हे वहिनींना ठाऊक नव्हतं. सोडायची काही गरज नव्हती. रोज तेवढेच शेंडे खा, तपासणी चुकवू नका, आम्ही त्याप्रमाणे गोळी ठरवू. म्हणजे खा आजी, खुशाल खा, म्हणाले.

आईने उजवा हात मांडीवरून उचलला. अंगठा आणि बोट जवळ आणायचा प्रयत्न केला. ते अर्ध्यावरच थांबले. तिने डाव्या हाताने तो हात धरून पुन्हा मांडीवर ठेवला.

"आता जुडी... कुठं बांधता येती मला," ती डॉक्टरांना म्हणाली.