तिसरी ओळ
कोल्ड कॉफीचा मिक्सर घरघरला की माझं डोकं आजही तापतं. सिडकोतल्या एका कॅफेत आम्ही दोघं मित्र शनिवारी संध्याकाळी ब्लूज वाजवायचो. मी गिटार, तो माउथ ऑर्गन. ब्लूजची रीत अशी की एकच ओळ दोनदा गायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. त्या दिवशी त्याचे वडील पाचोडहून पहिल्यांदाच ऐकायला आले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून अगदी पुढच्या टेबलापाशी बसले होते. गर्दी वाढली तसा मालक त्यांना म्हणाला, "ओ काका, उठा ना, फॅमिली आलीये." ते कसनुसं हसले. "व्हय व्हय, बसू द्या त्यांना," म्हणत दारापाशी जाऊन उभे राहिले. मित्रानं माउथ ऑर्गन खाली ठेवला आणि मालकाकडं बघत मराठीतच गायला लागला, "माझ्या बापाला उठवलंस, शेठ, भरल्या मैफलीतून." तीच ओळ त्यानं पुन्हा म्हटली. तिसरी सुरू होताच मालकानं मिक्सर लावला, तो बंदच केला नाही. शेजारी बसलेल्या मलाच ती कशीबशी ऐकू आली. वडील तर मान खाली घालून केव्हाच जिना उतरले होते. परवा त्याच मालकाच्या मॅनेजरचा फोन आला, नव्या हॉटेलच्या उद्घाटनाला वाजवाल का? आम्ही कोण, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी गोड आवाजात हो म्हणालो. अट एकच घातली, शेठला पुढच्या रांगेत बसवा; पाचोडहून आमचे एक पाहुणे येतील, त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवू नका, ती आम्ही बघून घेऊ. तिसरी ओळ मला अजून पाठ आहे: "आता तू ऊठ, शेठ, माझा बाप बसतोय."