पोचल्याचा फोन

आमच्या घरात केर काढण्यावरून जितकी भांडणं झाली तितकी आंब्याच्या वाटणीवरूनही झाली नसतील. माणूस प्रवासाला निघाला की तो पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही, असा आईचा नियम. कुणी उंबऱ्याबाहेर पडल्यापाठोपाठ केर काढतात तो फक्त मयत घरातून नेल्यावर, म्हणून. इतर घरांत हा नियम घटकाभरात सुटतो. आमच्याकडे बाबा ट्रकवर. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून वाशीच्या मार्केटला जायचे. संध्याकाळी निघाले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन यायचा, "पोचलो." एवढंच. मग आई केरसुणी हातात घ्यायची. भावाला आणि मलाही तीच सवय लागली. मासे आणायला बाजारात गेलं तरी आम्ही घरी फोन करून "पोचलो" म्हणायचो. लोक हसायचे. हसोत बापडे.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. भाऊ मुंबईला गेला, मी इथल्याच एका शाळेत शिकवते, आणि दिवसभर घरात उरायची आई आणि टीव्ही. मालिका तिला सोसायच्या नाहीत. "दागिने घालून झोपतात कशा त्या बायका?" असं म्हणून ती चॅनल बदलायची. तसंच बदलता बदलता एका संध्याकाळी तिला तो कार्यक्रम सापडला. कुठल्यातरी निर्मनुष्य, थंड मुलखात गोठलेल्या तळ्यांवरून खरेखुरे ड्रायव्हर मोठाले ट्रक नेतात, कॅमेरा त्यांच्या शेजारी, आणि सगळे हिंदीत बोलतात. आईने उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीखालचा. पण ड्रायव्हर तिने बरोबर ओळखले. लाल ट्रकवाला एक दाढीवाला होता. गाडी सुरू करण्याआधी तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून जरासा थांबायचा.

"बघ गो, ह्यांच्यावानीच," आई म्हणायची.

कार्यक्रमाला एक वाईट खोड होती. ट्रक तळ्याच्या मधोमध आला, बर्फ कडकडला, की नेमका तिथेच भाग संपायचा. असा एक भाग संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी केरसुणी उचलली, तर आई आतून ओरडली, "नको काढूस! तो अजून पोचला नाय."

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. "आई, ते शूटिंग जुनं आहे. तो दाढीवाला केव्हाच घरी जाऊन जेवून झोपला असेल."

"मग दाखवीत का नाय?"

शनिवार-रविवारी कार्यक्रम नसायचा. शुक्रवारी ट्रक अडकला की सोमवारपर्यंत घरात तांबडी माती. शाळेतून दमून यावं तर पायाखाली कचकच. माझं डोकं फिरायचं. एका रविवारी मी काही न बोलता सरळ केर काढायलाच घेतला. आई उठून आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी मी काढला होता," ती म्हणाली.

कुठल्या दिवशी, ते तिने सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी मला बघायला मंडळी यायची होती. बाबा आदल्या संध्याकाळी पेट्या घेऊन गेलेले, आणि सकाळचा फोन आला नव्हता. घाटात रेंज नसेल, टायर बसला असेल, काहीही असेल. पाहुण्यांना काय केरात बसवायचं? दुपारी खेडजवळून कुणा अनोळखी माणसाचा फोन आला. हॉटेलच्या बाहेर ट्रक नीट कडेला लावलेला होता, हँडब्रेक ओढलेला होता, आणि बाबा बसल्या जागी गेले होते. हृदय बंद पडलं. ट्रकच्या मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि पेट्या त्याच रात्री वाशीला पोचल्या. पाहुणे आमच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरूनच मागे फिरले. त्या स्थळाचं मला काडीचंही दुःख नाही. पण त्या सकाळी घरात केर काढला गेला होता, हे माझ्या लक्षातही नव्हतं. आई मात्र इतकी वर्षं तेच उराशी धरून होती.

"आई, ते पहाटेच गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? तू केर काढलास तो नंतर."

"तां मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण फोन आला नव्हता गो."

मला रडू आवरेना. केरसुणी दाराआड ठेवून दिली. सोमवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ टीव्हीसमोर बसले. लाल ट्रक पैलतीराला लागला तेव्हा आईने हात जोडले. मंगळवारी सकाळी मी घर झाडून लख्ख केलं. तो कार्यक्रम चालू होता तोवर मग आमचं असंच चाललं, आणि मी पुन्हा कधी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि तापाचं निमित्त होऊन आई गेली. भाऊ आदल्या दिवशी येऊन पोचला होता, तेवढंच समाधान. पुरुषमंडळी तिला घेऊन गेली. आम्ही बायका घरात राहिलो. शेजारच्या काकी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "केर काढून घे गो. मग लादी धुवूया."

रीतच आहे ती. मी केरसुणी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

"थांबा जरा," मी म्हटलं.

"आता आणि कशाला थांबायचा?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकींनी माझ्या हातातून केरसुणी घ्यायला हात पुढे केला. मी ती सोडली नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ होता, स्मशानातून. मागे माणसांचे आवाज येत होते. आपण काय बोलतोय ते त्यालाही कळलं नसावं. सवयीने तोंडातून गेलं.

"पोचलो."

मी केर काढायला घेतला.