नित्यपूजेतून रजा

नेरच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवताना रत्नप्रभाबाईंनी फळ्यावर रंगीत खडूंनी असंख्य प्रवाळद्वीपे रेखाटली; समुद्र मात्र कधी पाहिला नाही. घरातील नित्यपूजा खंडित होऊ नये, म्हणून प्रत्येक सहलीच्या वेळी मागे राहण्याचा मान त्यांचाच असे.

यंदा मुलगा सलील अंदमानचा बेत वाचून दाखवत होता: काचेच्या तळाची बोट, पाण्याखाली उतरून मासे पाहणे, किनाऱ्यावरचा सूर्यास्त. तिकिटे तीनच काढली होती. त्याचे, पत्नी गुंजनचे आणि लेक स्पृहाचे.

"देवांचं तुझ्याशिवाय कोण करणार, आई?" तो सहज म्हणाला.

त्या सहजपणानेच बाईंचा वर्षानुवर्षे आवरलेला क्रोध पेटला. "दिवाळीत मी पंधरा दिवस दवाखान्यात होते. तेव्हा कोणी केलं?"

गुंजनच हळूच म्हणाली, "डब्यात तांदूळ भरून त्यात देव ठेवले होते, आई. भटजींनीच सांगितलं होतं."

"म्हणजे देवाले तांदूळ पुरतात! मग मले काहून बांधून ठेवलं इतकी वर्षं?"

"तसं नाही गं. तुझे गुडघे..." सलील सावरू लागला.

"रोज पूजेले बसताना हेच गुडघे वाकतात. तेव्हा कोणी विचारलं नाही!"

देवघरापुढे हात जोडून बाईंनी क्षमापनाचा श्लोक शांतपणे म्हटला, आणि तांदळाचा डबा सलीलपुढे आदळला. "निघायच्या सकाळी यात देव तूच ठेव. अन् आत्ता चौथं तिकीट काढ."

सलीलने मुकाट्याने फोन उचलला. नाव भरले, आणि मग अडखळत विचारले, "आई, तुझी जन्मतारीख काय गं?"

बाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने पुन्हा फोनवरून नजर वर केलीच नाही.