पेशींचा ताठरपणा मोजणारे साळवे सर

प्रा. डॉ. भास्कर साळवे सरांना मी पहिल्यांदा भेटले ते संशोधनासाठी विद्यार्थी निवडण्याच्या मुलाखतीत. बेलापूरहून सकाळच्या एसटीने नगरला आले होते. भौतिकशास्त्राची सूत्रे घोकून आलेल्या मला सरांनी विचारले, "कणीक नीट मळली गेली, हे तुम्हाला कसं कळतं?"

"बोटानं दाबून बघते," मी म्हणाले.

"मीही तसंच बघतो. आमच्याकडे पोळ्या माझ्याकडे असतात. आता सांगा, रक्तातली एक पेशी मऊ आहे की ताठर, हे बघायला तेवढं बारीक बोट कुठून आणायचं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. तरीही माझी निवड झाली.

ते बारीक बोट सरांनी महाविद्यालयाच्या मागच्या बाजूच्या एका खोलीत तयार केले होते. पारदर्शक, रबरासारखा पदार्थ साच्यात ओतून त्याची छोटी वडी पाडायची. तिच्यात केसाहून बारीक वाटा उमटत. ती काचेवर चिकटवली की चिप तयार. पातळ केलेले रक्त या वाटांमधून ढकलले की सर्वांत अरुंद जागी पेशी एकेक करून अंग चोरून पार होत. मऊ पेशी पटकन निसटे, ताठर पेशी रेंगाळे. सूक्ष्मदर्शकावरचा कॅमेरा तो वेळ टिपत असे.

सर मूळचे तिसगावचे. त्यांचे वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते, आणि बाबासाहेबांच्या वाटेने गेलेल्या त्या घरात खोटे बोलण्याइतकेच अर्धवट बोलणेही वाईट मानले जाई. सरांनी तोच दंडक प्रयोगशाळेत आणला. वाटेत हवेचा एक बुडबुडा अडकला म्हणून दिवसभराचे चित्रण त्यांनी पुसून टाकलेले मी पाहिले आहे. "निम्मं तरी ठेवू, सर," असे मी म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "कोणतं निम्मं खरं, हे तुम्हाला माहीत आहे का?"

इथवर मी जे लिहिले ते सरांचे सगळेच विद्यार्थी लिहितील. यापुढचे मात्र माझ्याखेरीज कोणी लिहू शकणार नाही.

आम्ही सिकलसेलच्या रुग्णांचे रक्त तपासत होतो. या आजारात लाल पेशी ताठर होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. अकोले तालुक्यातल्या एका डोंगरी गावातून हौसाबाई आपल्या यमुनाला घेऊन दर महिन्याला येत. यमुना अकरावीत होती. पडद्यावर स्वतःच्या पेशी बघायला तिला आवडे. "ही बघा, ही अडकली," असे ती बोट दाखवून सांगे.

सरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावले होते, "हे मोजमाप आहे, निदान नाही. रुग्णाला निकाल सांगायचा नाही."

एकदा यमुनाच्या पेशी फार सहज पार झाल्या. सर वर्गावर होते. हौसाबाईंनी मला विचारले, "बाई, रगत बरं हाय का आता?"

त्या माउलीचा चेहरा बघून मी म्हणाले, "हो, या वेळी छान आहे."

माझ्या तोंडून गेले ते एवढेच वाक्य.

पुढच्या महिन्यात हौसाबाई एकट्या आल्या. दारातच उभ्या राहिल्या. सरांनी बसायला सांगितले, त्या बसल्या नाहीत.

"पोरीच्या छातीत दुखाय लागलं, अंगात ताप हुता," त्या म्हणाल्या. "तुमच्या हितं सांगितलं हुतं, रगत बरं हाय. म्हनून दोन दिस घरीच ठिवली. दवाखान्यात नेली तवा लई उशीर झाल्ता."

बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. सरांनीही माझ्याकडे एकदा पाहिले. मग ते हौसाबाईंपुढे हात जोडून म्हणाले, "चूक आमची आहे. तुमची नाही. तुम्ही विश्वास ठेवलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही." हौसाबाई निघून गेल्या.

त्या दिवशी सरांनी मला समजावून सांगितले. आमच्या खोलीतल्या उघड्या हवेत रक्ताला ऑक्सिजन भरपूर मिळतो, म्हणून पेशी मऊ दिसतात. शरीरात ऑक्सिजन कमी पडला की त्याच पेशी ताठरतात. चिपमध्ये दिसलेल्या मऊपणावरून दुसऱ्या दिवसाचेही भाकीत करता आले नसते. मी हे पुस्तकात वाचलेले होते.

यमुनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी महाविद्यालयाला पत्र लिहिले. चौकशी समिती बसली. निकाल सांगणारी व्यक्ती कोण, हे समितीला हवे होते. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार पुरते लागलेले नव्हते.

"त्या खोलीत बोललेला प्रत्येक शब्द माझा आहे," सर म्हणाले. "वेगळं नाव देणार नाही."

मी उठून आत जायला हवे होते. मी गेले नाही.

सरांचे विभागप्रमुखपद गेले. रुग्णांचे नमुने घेण्याची परवानगी थांबली. नवे विद्यार्थी त्यांच्याकडे द्यायचे नाहीत, असे ठरले. माझा प्रबंध तेवढा निरोगी पेशींच्या मोजमापांवर पुरा झाला. त्याचे प्रत्येक पान सरांनी तपासले. पदवी मिळाली त्या दिवशी मी त्यांच्यापुढे रडले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे रडून काय होणार? यमुनाच्या घरी चला."

आम्ही गेलो. हौसाबाई अंगणात भात पाखडत होत्या. ते वाक्य माझे होते, सरांनी ते स्वतःवर घेतले, हे मी त्यांना सांगितले. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "तुमचंच तोंड बघितलं हुतं मी."

त्यांनी आम्हाला चहा दिला. त्याहून अधिक काही घडले नाही.

पुढची काही वर्षे सर एकट्याने एकाच गोष्टीमागे होते: चिपमधल्या वाटांशेजारी वायूची आणखी एक वाट काढायची आणि रक्ताला मिळणारा ऑक्सिजन कमी करून पेशी कधी ताठरतात ते मोजायचे. ती चिप तयार झाली आणि चाललीही, पण स्वतःच्या निरोगी रक्ताखेरीज तिच्यात घालायला सरांजवळ काही नव्हते. दूरच्या एका मोठ्या संस्थेने तसेच उपकरण त्यांच्याआधी करून प्रसिद्धही केले. सरांनी तो लेख मला वाचायला पाठवला. सोबत एकच ओळ होती, "चांगलं काम आहे." निवृत्तीनंतर त्यांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले जाऊ लागले. काचबिंदूने उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणे आता त्यांना जमत नाही.

सरांना साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने हा गौरवग्रंथ निघतो आहे. माझा लेख मी आधी त्यांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "माझं कौतुक कमी करा. त्या मुलीचं नाव मात्र राहू द्या."

मी म्हणाले, "समितीपुढे मी गेले नाही, तेही राहू दे ना?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

ते मी ठेवले आहे.

नाव छापायचे तर विचारणे भाग होते, म्हणून गेल्या महिन्यात हौसाबाईंकडे गेले. सर दरवर्षी तिथे जातात. या वर्षी डोळ्यामुळे जाऊ शकले नाहीत. हौसाबाई माझ्याशी आजही मोजकेच बोलतात. लेख त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. छापा, म्हणाल्या. निघताना मी सांगितले, की अशा लेखाच्या शेवटी सरांना दीर्घायुष्य चिंतायचे असते, पण ते लिहायला माझी लेखणी धजत नाही.

त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मग माझ्या नावानं लिवा. म्हनावं, डोळ्यांला जपा. आन् माझ्या पोरीचं राह्यलेलं आयुष्य सरांना लागू दे."