बालवाडीतला फ्रीज

अगं, बस इथे जवळ, सदा मेली घाईत! आमच्या मालाडच्या बालवाडीत एक बाई येतात. लहान मुलं कशी शिकतात, कशी मिसळतात, यावर त्यांचं संशोधन चाललंय. कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं, मधे पडायचं नाही, हा त्यांचा नियम. शिंकसुद्धा पदरात दाबतात. शेवटी भातुकलीत मुलांनी त्यांना फ्रीजच करून टाकलं!

एक नवी पोर मात्र कोणाशी खेळेना, बोलेना. आम्ही काळजीत. काल ती हळूच उठली, बाईंचा हात दारासारखा उघडून म्हणाली, "बर्फ आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नियम गुंडाळला, "घुर्रर्र" केलं आणि रिकामी मूठ तिच्या हातावर उघडली.

"ई, गार!" किंचाळत पोर सगळ्यांना बर्फ वाटायला धावली.

बघायला ये गं लवकर. भातुकलीत शेगडीची जागा अजून रिकामी आहे!