कल्लव्वा पंगतीत बसल्या

मंडळी, आज मुरुमात आमच्या चर्चच्या अंगणात साऱ्या गल्लीची पंगत बसली!

निजाम सरकारनं सक्तीच्या धान्यवसुलीत, लेव्हीत, ज्वारी नेल्यापासून शेजारच्या चुली थंड होत्या. आम्ही बायकांनी रोज मूठमूठ साठवून आज कण्या शिजवल्या. माणसं आली, पण आम्ही अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्या, म्हणून "तुमच्या हातचं कसं खायचं?" म्हणत उभीच राहिली. लेकरं भुकेनं रडत होती.

तेवढ्यात म्हाताऱ्या वाणीणबाई कल्लव्वा येऊन बसल्या.

"वाढ गं मार्था, लई भूक लागलीया."

मी त्यांच्या पानात कण्या वाढल्या. त्यांनी घास घेतला अन् ओरडल्या, "बघता काय? बसा की!"

सगळी बसली. पातेलं खरवडून संपलं.

जाताना कल्लव्वा म्हणाल्या, "उद्या पाणी माझ्या विहिरीचं घ्या. तुमीच शेंदा."

आजवर त्या विहिरीला शिवायची आम्हाला बंदी होती. सांगा मंडळी, पहिली घागर कोण भरणार?