उत्तर सगळ्यांना जावं

माझ्या धाकट्या भावाने एका इंग्रजी शब्दात आमची आळी सोडली, आणि तो शब्द जगभर पोचवायची सोय मीच करून ठेवली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बोईसरला एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चलनं काढायचे. घर जवळच्याच माहीम गावी; गावात पानवेलीच्या वाड्या, आणि किनाऱ्याला आमची मच्छीमार आळी. आळीतली बरीच पोरं बोटीवर, मस्कतला, कुठे कुठे नोकरीला पांगलेली. माझा भाऊ बंगळूरला एका कॉम्प्युटर कंपनीत. या सगळ्यांसाठी आमचं मंडळ दर महिन्याला एक खबरपत्र काढायचं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची नवी होडी पाण्यात उतरली, बोंबलाला काय भाव आला. मी स्टेन्सिल कापायचे, हात काळे करायचे, तिकिटं चिकटवायचे आणि पत्र मस्कतला पोचेपर्यंत त्यातल्या नवरीला दिवस गेलेले असायचे. म्हणून ईमेलने पाठवायचं ठरलं. ऑफिसच्या साहेबांनी शनिवारी दुपारी मशीन वापरू दिलं.

पहिल्यांदा मी सगळे पत्ते एकाच ओळीत कोंबले. वर वीतभर पत्ते आणि खाली चार ओळींची बातमी. मग फुकटात नाव-पत्ते सांभाळून सगळ्यांना पत्र धाडणारी एक परदेशी सेवा मिळाली. तिने आमच्या देवीच्या पालखीच्या बातमीखाली दारूची जाहिरात चिकटवली. मंडळाचे म्होरके तांडेलकाका, म्हातारे झाले तरी होडीवर जाणारे, त्यांनी तो कागद पाहिला आणि माझी अशी खरडपट्टी काढली की जणू बाटली मीच विकायला बसले होते.

शेवटी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एक प्रोग्रॅम सापडला. पत्र हवं असेल त्याने एक शब्द लिहून पाठवायचा, नको असेल त्याने दुसरा. कुणी खोडसाळपणे दुसऱ्याचं नाव घालू नये म्हणून तो ज्याचं नाव त्यालाच विचारायचा, आणि त्याचा होकार आल्याशिवाय नाव घ्यायचा नाही. मला तो फार आवडला. सरळ वागणारं, शहाणं जनावर घरात आणल्यासारखं वाटलं.

त्याने मला एकच प्रश्न विचारला होता. पत्राला कुणी उत्तर दिलं तर ते फक्त मला यावं, की सगळ्यांना जावं?

मी तांडेलकाकांना विचारलं. ते म्हणाले, "ह्यात इचारायचा काय, बाय? पत्र काय चोरून वाचायची चीज हाय?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या आळीत बोटीवरून आलेलं पत्र घरात वाचत नाहीत. जाळी विणायच्या मांडवात नेऊन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. एकाच्या पत्रात दुसऱ्याच्या मुलाची खुशाली असते, मग ते दाबून कसं ठेवायचं? मी 'सगळ्यांना' वर खूण केली.

काही महिने मी हवेत होते. उत्तरं यायची, मी ती छापून शनिवारी संध्याकाळी मांडवात वाचायचे. आई पुढे बसायची, विकून रिकामी झालेली टोपली मांडीशी घेऊन. सगळ्यांची पत्रं झाली की विचारायची, "आपल्याचा?" मी म्हणायचे, कामात असेल. भावाने कधी ओळसुद्धा लिहिली नव्हती.

आणि मग त्याने लिहिलं. अनसबस्क्राइब. एवढंच. पत्र नको, नाव काढा, असं सांगणारा हा शब्द प्रोग्रॅमच्या पत्त्यावर पाठवायचा असतो. घाईत त्याने तो आमच्या पत्राला उत्तर म्हणून पाठवला, आणि तो आळीच्या झाडून सगळ्या पोरांना गेला. चूक कळल्यावर त्याने तो पुन्हा योग्य जागी पाठवला, आणि माझ्या शहाण्या जनावराने इमानेइतबारे त्याचं नाव काढून टाकलं.

मी तो कागद छापलाच नाही. पण मस्कतहून कुणीतरी आपल्या घरी फोन केला, आणि मी माहीमला पोचायच्या आत आळीला कळलं होतं की अमक्याच्या पोराने नाव काढून घेतलं.

नाव काढून घेणं याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. होळीला किनाऱ्यावर म्होरके घरागणिक एकेक नाव पुकारतात, घराच्या कर्त्याचं. तो "हाय" म्हणतो आणि नारळ अर्पण करतो. कर्ता बाहेरगावी असला तर त्याच्या वतीने आई नाहीतर बायको म्हणते. वडील गेल्यापासून आमच्या घरातून भावाचं नाव पुकारलं जायचं आणि आई "हाय" म्हणायची. तिच्या कानाला वर्षातून एकदा ते नाव सगळ्या गावासमोर ऐकू यायचं. ज्याने आपणहून नाव काढलं, त्याचं घर मागे उभं राहतं, होळी बघायला आलेल्या पाहुण्यांत.

"काका, ते फक्त मेलमधलं नाव आहे," मी तांडेलकाकांना सांगितलं.

"मशीनचा आमाला नाय कळत," ते म्हणाले. रागाने नव्हे. "आमी नाय काढला, त्यान काढला. त्यान एक शबुद लिवावा, नाव रव दे म्हणून. आमाला पुरे हाय."

आईने मला एवढंच विचारलं, "रागान काढला, का लाज वाटली त्याला?"

"रागाने," मी म्हटलं. राग जातो, म्हणून.

बोईसरच्या एसटीडी बूथवरून मी भावाला फोन लावला. तो आधी गुरकावला, मग त्याचा आवाज बसला. "ताई, इथे सगळ्यांची टेबलं चिकटून आहेत. शेजारचा एक मराठी आहे. त्याने माझ्या स्क्रीनवरून बोंबलाचा भाव मोठ्याने वाचला. मी इथे सांगितलंय की आमची पानवेलीची वाडी आहे."

"लाज नाही वाटत तुला?"

"तू काय सांगितलंयस तुझ्या ऑफिसात?"

माहीमची म्हटलं की ऑफिसातले लोक आपोआप वाडीवालीच समजायचे, आणि मी समजू द्यायचे. काचेबाहेर रिक्षावाले हिंदीत भांडत होते. मला वाटलं, त्या सगळ्यांना आमचं बोलणं ऐकू गेलंय.

मी त्याचं नाव पुन्हा घालायला गेले. प्रोग्रॅमने नेहमीसारखं त्यालाच विचारलं. मी रोज चलनं बाजूला सारून होकार आला का ते बघायचे. होळीच्या दिवसापर्यंत आला नाही.

होळीला नेमक्या माझ्या ऑफिसातल्या दोघी आल्या. त्यांनी केव्हाचं ठरवलं होतं, किनाऱ्यावरची होळी बघू आणि तुमची वाडीही. त्या मागे पाहुण्यांत उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळच घुटमळत होते. आई मात्र नारळ घेऊन पुढे, तिच्या नेहमीच्या जागी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नावं सुरू झाली. आमच्या शेजारच्या घराचं झालं. तांडेलकाका थांबले, त्यांनी आईकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढच्या घराकडे वळले.

"थांब," आई म्हणाली. "माझ्या घराचा ऱ्हायला."

"वयनी, त्याचा नाय येत घेता."

"पोराचा नको घेव. पोरीचा घे. ती तर हाय ना हितं."

आमच्या आळीत बाईचं नाव कधी पुकारलं नव्हतं. कुजबुज झाली, मग थांबली. काका विस्तवाकडे वळले. मग त्यांनी खणखणीत आवाजात माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, मच्छीमार आळीतल्या घरासकट. माझ्या शेजारच्या दोघींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. आईने नारळ माझ्या दिशेने पुढे केला होता.

मी "हाय" म्हटलं. ते इतकं हळू म्हटलं की काकांना माझं नाव पुन्हा पुकारावं लागलं.